घंटेनं प्यालेली आंब

आमच्या घरात एक बरणी होती, तिला अप्पासुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नसत. चिनी मातीची, खांद्यावर तपकिरी पट्टा, तोंडावर फडकं आणि फडक्यावर सुतळीचे सात वेढे. देवळीत विभूतीच्या शेजारी तिची जागा. अप्पांचं उदगिरात किराणा दुकान. दिवसभर डबे-बरण्या उघडायच्या आणि झाकायच्या हाच त्यांचा धंदा. पण घरी आल्यावर या एका बरणीपुढून जाताना ते आवाज खाली आणत. बरणी अव्वाची होती. अव्वा म्हणजे आमची आई. आणि बरणीत होती आंब.

आंब म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. हरभरा फुलावर आला की पानापानावर बारीक लव येते आणि त्या लवेला आंबट थेंब धरतात. पहाटे दव पडलेलं असताना मऊ सुती कापड त्या झाडांवर अंथरायचं, हलक्या हातानं ओढायचं, ओलं झालं की पिळायचं. निघेल ती आंब. पीक चांगलं असेल तर एका सकाळी वाटीभर. पण वाटी पितळेची चालत नाही, धातूला ती खाते. तिनं राहायचं काचेत, नाहीतर चिनी मातीत. ऊन वर आलं की काम बंद. रानातून बाहेर पडेपर्यंत पोटऱ्यांची अशी आग होते की वाटतं, कुणी चिमटे काढत मागं मागं येतंय.

आमच्या अव्वाची आंब किती जहाल? तिनं फडकं सोडलं की गल्लीच्या तोंडाशी पानवाला चुना लावता लावता थांबायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "अव्वानं बरणी उघडली जनू. दात आंबले." एकदा एक थेंब फरशीवर पडला तर तिथं वाटाण्याएवढा खड्डा पडला. तो खड्डा मी कुणालाही दाखवला असता, पण पुढं अप्पांनी फरशीच बदलली.

पोट दुखलं, आंब. अजीर्ण झालं, आंब. ऊन लागलं, बैलाचं पोट फुगलं, आंब. माणसाला दोन थेंब गार पाण्यात, बैलाला वाटीभर. पूर्वी पटकीची साथ आली की लोक गाव सोडून रानात राहायला जात, तेव्हा अव्वाची आजी आंबेची बाटली कमरेला बांधून या झोपडीतून त्या झोपडीत फिरायची म्हणे. अव्वाच्या म्हणण्याप्रमाणे तिनं अर्धा मुखेड तालुका वाचवला. उरलेला अर्धा का राहिला, असं मी एकदा विचारलं, तर अव्वा म्हणाली, "ते लोक इचारत बसले."

मी नांदेडला जाऊन बी.एस्सी. झालो आणि उदगीरच्याच एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक लागलो, तेव्हा मला कळलं की आपण जन्मभर जे पोटात घेत आलो त्याला आम्ल म्हणतात. पुस्तकात आम्ल, सराफ्यात तेजाब आणि घरात आंब. तेजाब हा निजामाच्या अमलातला शब्द: तेज म्हणजे जहाल, आब म्हणजे पाणी. जुन्या भिंतींच्या बुडाला जो पांढरा शोरा फुटतो, तो खरवडून एकीकडं तोफांची दारू करायचे आणि दुसरीकडं शोऱ्याचं तेजाब काढायचे. आमच्या गल्लीतला सोनार त्याचा एक थेंब कसोटीवर टाकून खऱ्या-खोट्याचा निवाडा करी. त्याच्या बाटलीकडं बघताना बाया पदर सावरायच्या. इंग्रजी शब्दाचं मूळ शोधत गेलं तर तिथंही शेवटी 'आंबट' एवढाच अर्थ निघतो. सगळ्या जगानं आधी जीभ लावून बघितली आणि मग नाव ठेवलं. आयुर्वेदाच्या पोथीत आंबेला चणकाम्ल म्हणतात, हे मला एका वैद्यांनी सांगितलं. मी अव्वाला म्हणालो, "अव्वा, तुझ्या बरणीत मॅलिक आम्ल हाय. थोडं ऑक्झॅलिक बी हाय."

अव्वा म्हणाली, "असंल. त्येनला राहू दे एका कडंला, पर तू बरनीला हात लावू नकू."

त्या साली बरणीत चार बोटं आंब उरली होती. आधीची दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. पोरांना 'पाऊस' या विषयावर निबंध दिला तर एकानं लिहिलं, पाऊस हा पूर्वी आढळणारा पाण्याचा प्रकार आहे. विहिरीत बादली सोडली की आधी ठण्ण आवाज यायचा, मग धूळ वर यायची. अशात हरभरा कुठला आणि आंब कुठली. आणि नेमकं त्याच साली माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पोरगा देगलूरचा, मुहूर्त माघातला. अव्वाच्या माहेरची रीत अशी की लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत आंबेची बाटली घालायची. अव्वाच्या आजीनं तिच्या लेकीला दिली, तिनं अव्वाला दिली, त्याच आंबेत दरसाल नवी आंब पडत गेली आणि बरणी कधी कोरडी झाली नाही. त्या चार बोटांतली दोन बोटं बहिणीची, हे ठरलेलं होतं. साड्या-भांड्यांचं अप्पा बघतील. अव्वानं बघायची ती एवढी एक बाटली.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी जे केलं ते केलं.

झालं असं की आमचा जिल्हा नवा झाला होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं. गावातला पेंटर पाट्या रंगवून रंगवून आडवा झाला. दुकानांच्या पाटीवर 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' करता करता त्याच्या हाताला अशी सवय लागली की पुढं एका लग्नाच्या कमानीवर त्यानं नवरीच्या नावाखालीही 'जि. लातूर' घातलं. एवढं होऊनही पाऊस काही नवीन जिल्ह्यात बदलून आला नाही. पण साहेब आले. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब शाळा तपासायला येणार, असा निरोप आला आणि आमचे हेडमास्तर गोल गोल फिरायला लागले.

"सर, तुमी विज्ञानाचे. कायतरी नवीन दाखवा. मागच्या येळंसारखा फुगा-मेणबत्ती नको."

माझ्या डोक्यात वीज चमकली. आंब! आपल्या मातीतलं आम्ल. लिटमस लाल करून दाखवायचा, शहाबादी फरशीच्या कपच्यावर टाकून फेस काढायचा, साहेबांना पटकीची गोष्ट सांगायची. पण आणायची किती? चमचाभर आणली तर नव्या जिल्ह्यापुढं आपली शोभा काय राहिली? काचेचं मोठं चंचुपात्र भरलेलं दिसलं पाहिजे.

अव्वा देवळात गेली होती. मी सातच्या सात वेढे सोडले, चारी बोटं आंब शाळेच्या बाटलीत ओतून घेतली आणि बरणी हलकी लागू नये म्हणून तेवढंच चिंचेचं कोळून गाळलेलं पाणी आत घातलं. बहीण दारात उभी राहून हे बघत होती.

"अण्णा, काय करून राहिलास?"

"उद्या संध्याकाळी परत आणून ओततो. थेंब बी कमी व्हायचा न्हाई."

"ती माजी हाय बरं का."

"तुजी दोन बोटं. बाकीची दोन अव्वाची."

"मंग अव्वाला इचारलं?"

मी तिला शपथ घातली. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "तुला मास्तर कुनी केलं? वेढे तरी नीट मार. तू सहाच मारलेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवून मी साहेबांच्या स्वागताला फाटकाशी गेलो. आमच्या शाळेत एक शिपाई होते, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू. निजामाच्या राज्यात शेवटचा आणि स्वतंत्र भारतात पहिला तास आपणच दिला, असं ते सांगायचे. शाळेची पितळी घंटा म्हणजे त्यांचं सोळावं अपत्य. दुष्काळात ती धुवायला पाणी नव्हतं, त्यामुळं ती तव्यासारखी काळी पडली होती, आणि साहेब येणार म्हणून चाचांचा जीव खालीवर होत होता.

फाटकातून साहेबांची जीप आत आली, तास पडला आणि मी वळून बघितलं. व्हरांड्यात दुसरा सूर्य टांगला होता. खोटं सांगत नाही, साहेबांनी डोळ्यांवर हात घेतला. जीपच्या ड्रायव्हरनं घंटेत बघून भांग पाडला. साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "वा! जिल्ह्यातल्या एवढ्या शाळा बघितल्या, अशी घंटा नाही बघितली." हेडमास्तर इंचभर उंच झाले. मीही टाळ्या वाजवल्या.

चाचा माझ्या कानाशी आले. "सरजी, क्या चीज है वो तुमारी! अमारी अम्मी चिंच से भांडे घासती थी, तो बी ऐसी चमक नै आई. बू लिया, जीभ को लगाया, खट्टा! समझ गया, सरजी ने घंटी के वास्तेच लाए."

"सगळी?"

"फिर? घंटी क्या छोटी है? एक बूंद नै छोडा. बाटली बी पुसून घेतली."

माझे टाळ्या वाजवणारे हात हवेतच राहिले. अव्वाच्या आजीपासून बहिणीपर्यंत चार पिढ्यांची आंब घंटेनं पिऊन टाकली होती आणि वर ती हसत होती. चाचांना काय बोलणार? त्यांनी आंबेचा जो उपयोग केला तो काही चुकीचा नव्हता. पितळ-तांबं उजळायला आंबट वापरतात हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं, तसं मला माझ्या आईनं बरणीला हात लावू नको हे शिकवलं होतं. दोघांपैकी ऐकलं फक्त त्यांनी. प्रयोग म्हणून मी साहेबांना शेवटी फुगा आणि मेणबत्तीच दाखवली.

घरी बहिणीनं माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. ती रडली नाही. तिला हसू आलं आणि मग हसता हसताच तिचे डोळे भरले. "घंटेचं पोट दुखत होतं का रं अण्णा?" एवढंच म्हणाली. ते मला फार लागलं.

माघाला महिना होता. मी ठरवलं, काहीही करून दोन बोटं आंब आणायची. शाळेत आजारपणाची चिठ्ठी टाकली आणि हरभरा शोधायला निघालो. उदगीरच्या शिवारात बघितलं, सगळीकडं ढेकळं. त्या वर्षी हिरवा रंग बघायचा तर एस.टी.च्या सीटवरचं जुनं रेक्झिन बघावं लागे. शेवटी मुखेडच्या गाडीत कंडक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, "अलीकडच्या फाट्यावरून आत एका विहिरीवर हिरवं दिसून राहिलंय. गाडी जाताना पाशिंजरं उठून बघतात." मी फाट्यावर उतरलो, चालत गेलो, आणि बांधावर पोचलो तर विहिरीच्या काठावर माझे मामा उभे.

मामा म्हणजे अव्वाचा सख्खा मोठा भाऊ. अव्वा दरसाल याच रानातून आंब नेत असे. या वर्षी मात्र मामांनी निरोप धाडला होता की हरभरा पेरलाच नाही, म्हणून फाटा ओळखीचा असूनही मला त्यांचं रान सुचलं नव्हतं.

माझ्यापुढं अर्ध्या एकरात हरभरा फुलला होता. जांभळी-गुलाबी फुलं. मामांनी त्या फुलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्ये... आपोआप उगवलंय."

"आपोआप, आन् सरळ ओळींत, मामा?"

मामा खाली बसले. डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला. "बस. अरं, आंब हाय तवर अळी दम धरती. आंब काढली की अळीला आवतन दिल्यागत हुतंय. या साली एवढंच पीक हाय बाबा. बहिणीला न्हाई मनायला तोंड हुईना, मनून निरोपच खोटा धाडला." मग त्यांनी मान वर केली. "पर ती सोता कामून न्हाई आली? तुला कामून धाडलं?"

आता खाली बसायची पाळी माझी होती. मी घंटेची सगळी हकिगत सांगितली. मामा इतके हसले की विहिरीतून त्यांचं हसू परत आलं आणि ते ऐकून ते पुन्हा हसले. मग आमच्या दोघांत तह झाला. मी अव्वाला हरभऱ्याचं सांगायचं नाही, मामांनी घंटेचं सांगायचं नाही, आणि मला बांधाकडच्या चार ओळी. फक्त चार. पाचवीला कापड लागलं तर तह मोडला.

कापड मी बरोबर आणलं होतं. तेही न विचारता. अव्वाच्या आजोबांच्या धोतराचा तो धडपा होता. साबण त्याला कधी लागला नव्हता. इतक्या वर्षांच्या आंबेनं तो पिवळा पडला होता आणि त्याला जागोजाग बारीक भोकं पडली होती. उजेडात धरला की चाळण. वाळला की पापडासारखा ताठ उभा राहायचा.

पहिल्या पहाटे मी धडपा अंथरला, ओढला, पिळला. एक थेंब आला. मी तो थेंब बाटलीत पडताना बघितला आणि बाटलीनंही त्याच्याकडं बघितलं असावं. दुष्काळाच्या हवेत दवसुद्धा मोजून पडत होतं. दुसऱ्या पहाटे जरा थंडी होती, तेव्हा अर्धा चमचा. तिसऱ्या दिवशी चमचाभर. माझ्या पायांची सालं निघाली, चपलेचा अंगठा गळून पडला, पण हिशोब बसत होता. अशाच पंधरा पहाटा मिळाल्या तर बहिणीची बाटली भरली असती. मामा बांधावर बसून ओळी मोजत. "चौथी झाली का? उठ आता. पाचवीकडं नजर गेली तुझी."

चौथ्या दिवशी दुपारी ढग आले.

दोन वर्षांत कुणी ढग बघितला नव्हता. माणसं घराबाहेर आली, म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली. आख्ख्या मराठवाड्यात त्या घटकेला एकच माणूस देवाला म्हणत होता की नको, आज नको, अजून दहा दिवस थांब. तो माणूस हरभऱ्यात उभा होता. कारण पावसाचं शिंतोडं आलं की पानावरची आंब धुऊन जाते, आणि एकदा धुतली की फुलही गळतं. पहिला थेंब माझ्या नाकावर पडला. मी धावत जाऊन मामांच्या घरातली पोती, गोधडी, एक पत्रा, जे मिळेल ते आणून चार ओळींवर टाकायला लागलो. मामा आडवे आले.

"खुळा हैस काय? पाऊस झाकतोस?"

"मामा, आंब!"

"आरं, तिकडं बग की!"

तिकडं त्यांची ज्वारी होती. गुडघ्याएवढी, सुतळीसारखी, जळायला टेकलेली ज्वारी. तिच्यावर पाऊस पडत होता. मामांचा एक डोळा ज्वारीकडं होता आणि एक हरभऱ्याकडं, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एकातलं आनंदाचं आणि एकातलं दुसरं, पण पावसात कोणतं कशातलं ते कळत नव्हतं. घटकाभर पडला आणि थांबला. एवढ्या पावसानं विहिरीचं काही झालं नाही. हरभऱ्याचं मात्र व्हायचं ते झालं. मी एक पान तोडून जिभेवर ठेवलं. नुसतं पान. गवतासारखं.

औषधाच्या छोट्या बाटलीत दोन चमचे आंब घेऊन मी घरी आलो. ओसरीवर अव्वा बसली होती आणि मांडीवर बरणी होती. वेढे सुटलेले. मागच्या घरच्या काकूंचं पोट दुखलं म्हणून तिनं बरणी उघडली होती. दोन थेंब पाण्यात घालून दिले, काकूंना बरंही वाटलं. त्या आजही सांगतात की तसा गुण पुन्हा आला नाही. पण अव्वानं बोट चाटून बघितलं होतं.

"बरनीत चिंच कुनी घातली?"

मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. साहेब, घंटा, चाचा, कंडक्टर. हरभऱ्याच्या ठिकाणी मी थोडं अडखळलो. अव्वा म्हणाली, "कुनाच्या रानात?" मला तिच्यापुढं खोटं बोलता यायचं नाही असं नाही, आयुष्यभर बोललो आहे. त्या वेळी मात्र तोंडातून खरंच बाहेर पडलं.

तिला घंटेचं वाईट वाटलं असेल, पण त्याहून दुसरं वाईट वाटलं, हे मी तिच्या हातांवरून ओळखलं. बरणीवरचे हात निघाले आणि मांडीवर उताणे पडले. "माज्या भावाकडं हरबरा होता?" ती म्हणाली. "आन् मला न्हाई मनाला?" मग ती आठ दिवस बोललीच नाही. उदगीरच्या किल्ल्यानं तोफांचे गोळे सोसले असतील, पण आमच्या घरानं ते आठ दिवस सोसले त्याला तोड नाही. अप्पा दुकानातच जेवायला लागले.

आठव्या दिवशी बहीण तिच्यापुढं जाऊन बसली. लग्नाचं सामान बांधायचं चाललं होतं.

"अव्वा, ते दोन चमचे तुज्या बरनीत घाल. बरनी कोरडी ठिवू नकू."

"आन् तुला काय देऊ? चिंच?"

"मला धडपा दे."

अव्वानं वर बघितलं.

"देगलूरकडं बी हरबरा हुतोय की. पाऊस पडला की मी काडीन. कापड तेवडं आपल्या घरचं पायजे." मग माझ्याकडं वळून, "आन् अण्णाच्या हाती लागायच्या आत दे. न्हाईतर चाचा त्येनं फळा पुसतेत."

अव्वा हसली नाही, पण उठली. धडपा तिनं स्वतः घडी घातला. तो काही सरळ घडी होईना, ताठ झालेला, कोपरे वर येत होते. तिनं गुडघ्यानं दाबून त्याची घडी केली आणि शालूखाली ठेवला.

लग्नाला मामा आले. मांडवाच्या शेवटच्या खांबामागं बसले होते. पाऊस पडून गेल्यावर हरभऱ्यावर अळी पडली होती, आणि चार ओळींवरच नाही, सगळ्या अर्ध्या एकरावर. तेव्हा तह मोडला की पाळला याला अर्थ उरला नव्हता. अव्वा वाढत वाढत त्यांच्यापाशी आली. पानात वरण वाढलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, आंब न्हाई बरं का. चिंचच हाय. चालंल?"

मामांनी पान पुढं सरकवलं. "चालंल बाई," ते म्हणाले. "तुज्या हातची कायबी चालंल." अव्वानं त्यांना तूप वाढलं. एकदा वाढून थांबली, मग परत वाढलं. बहिणीनं नवरीच्या पाटावरून ते बघितलं आणि शेजारी उभ्या असलेल्या मला कोपरखळी मारली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. एवढा झाला की नव्या जिल्ह्याच्या रंगवलेल्या निम्म्या पाट्या धुऊन गेल्या आणि खालून पुन्हा उस्मानाबाद दिसायला लागलं. घंटा मात्र तोवर हिरवीगार पडली होती. आंब पुसून न काढता तशीच ठेवली की पितळ असा सूड घेतं. चाचा वर्षभर तिला राख लावत होते आणि मला म्हणत, "सरजी, वो दवा फिर से लाओ ना."

पौषाच्या शेवटी देगलूरच्या गाडीचा कंडक्टर आमच्या दुकानात एक पुडकं देऊन गेला. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली काचेची बाटली. बुचाला मेण. बरोबर वहीचं पान: 'अव्वा, ही पहिल्या सात पहाटांची. सासूबाई म्हणतात, आमच्याकडं असं कुणी काढत नव्हतं, आता त्याही येतात, पाय भाजले म्हणून शिव्या देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. थोडी मामाला पाठव. अण्णाच्या घंटेला माझा नमस्कार सांग.'

आता माझ्या खिशात पोटातलं आम्ल मारायची गोळी असते. आम्ही आम्ल पिऊन पोट बरं करत होतो, हे डॉक्टरांना सांगितलं तर ते चष्मा काढून माझ्याकडं बघतात. असो. त्यांच्या घरी बरणी नसणार.

त्या दिवशी अव्वानं बाटलीचं बूच काढलं, तसा गल्लीच्या तोंडाशी पानवाला थांबला. तिनं बरणी देवळीतून काढली आणि माझ्यापुढं केली. "धर." मी दोन्ही हातांनी धरली. लहानपणापासून जिच्याकडं बघत आलो होतो, ती बरणी अव्वाच्या देखत मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. लेकीची आंब तळाच्या दोन चमच्यांत पडली, आणि अव्वानं फडकं घालून सुतळी घेतली. मी मनात मोजत होतो. पाच, सहा, सात.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि आठवा वेढा मारला.